फीत नसलेली ‘कॅसेट’ : साठ पिनांच्या खाचेचा इतिहास (थ्रेड)

1990 च्या दशकात नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या ज्या घरांत टीव्हीला ‘व्हिडिओ गेम’ जोडला जाई, तिथे खेळाच्या प्लास्टिकच्या वडीला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. आत फीत नसे. तरी शब्द चुकीचा ठरवण्याची घाई नको. खुद्द जपानमध्येही तिला ‘कासेत्तो’च म्हणतात.

या यंत्रांचा पूर्वज म्हणजे 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये विक्रीस आलेला निन्टेंडोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, अर्थात फॅमिकॉम. नाव कॉम्प्युटरचे, आणि ते पोकळ नव्हते : 1984 मध्ये त्याला कीबोर्ड आणि बेसिक भाषेची कॅसेटही मिळाली. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी बहुतेक यंत्रे त्याच्या नकला होत्या.

यंत्राजवळ स्वतःची स्मृती अवघी 2 किलोबाइट, आणि स्वतःचा कार्यक्रम मुळीच नाही. प्रोसेसरला दिसणाऱ्या 64 किलोबाइट पत्त्यांपैकी वरचा अर्धा भाग खाचेतून थेट कॅसेटमधील चिपकडे जातो. बटण दाबताच प्रोसेसर त्या भागाच्या शेवटून चौथ्या व तिसऱ्या घरात डोकावतो. सुरुवात कुठून करायची, हे तिथे लिहिलेले असते. कॅसेट नसेल तर तिथे वाचण्याजोगे काहीच नाही. चित्रे काढणाऱ्या चिपसाठी याच खाचेत तारांचा दुसरा, स्वतंत्र संच असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) या खेळाचा कार्यक्रम 32 किलोबाइटचा, चित्रे 8 किलोबाइटची.

माझा आवडता तपशील आवाजाचा. यंत्रातील ध्वनी एका पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि शेजारच्या पिनेतून परत येतो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. त्या दोन पट्ट्या मळल्या की चित्र स्वच्छ, पण खेळ मुका.

मग ‘9999 इन 1’? 32 किलोबाइटच्या खिडकीतून मोठी चिप एकदम दिसत नाही. म्हणून कॅसेटमध्ये आणखी एक छोटे सर्किट असते. प्रोसेसरने विशिष्ट पत्त्यावर आकडा लिहिला, की ते खिडकीमागचा तुकडा बदलते. यादीत तेच मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत, हे त्या पिढीला सांगायला नकोच!

नक्कल एवढी फोफावली त्याचे एक कारण खाचेतच आहे. 1985 च्या अमेरिकी आवृत्तीत पिना 72 आणि सोबत अनधिकृत कॅसेट अडवणारी कुलूप-चिप. जपानी खाचेत पिना 60, कुलूप नाही. आशियात पसरली ती हीच बिनकुलपाची खाच.

नकली कॅसेटवर बहुधा कंपनीचे नाव नसते, वर्ष नसते. चिपवर काळ्या राळेचा गोळा थापलेला असतो. अभिलेखागारात त्यांची नोंद शोधण्यापेक्षा वस्तूच वाचावी लागते. आपल्या जिल्ह्याला ही रीत नवी नाही : संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावी मिळालेल्या रोजच्या वापरातील भांड्यांच्या खापरांवरूनच एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले.

फरक इतकाच, की खापर भंगारात जात नाही.

माळ्यावर एखादी कॅसेट असेल तर फुंकर मारू नका. श्वासातील ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. पूर्वी खेळ सुरू होई तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसा, कवच उघडून सर्किटच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, आणि ती कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली घेतली हे घरच्यांना विचारून सोबत लिहून ठेवा.