फुटायला शिकलेली काच

काच फुटली की आमची आजी म्हणायची, "जाऊ दे, काहीतरी वाईट टळलं." बशी असो, आरसा असो की कंदिलाची काच, वाक्य हेच. गेल्या महिन्यात आमच्या गाडीची मागची काच फुटली तेव्हा मला ते वाक्य आठवलं, आणि या वेळी ते अक्षरशः खरं होतं.

झालं असं, की सोसायटीबाहेरच्या पट्ट्यात गवत कापायचं मशीन चालू होतं. आमची गाडी (साधी हॅचबॅक, वय वर्षं नऊ) शेजारी उभी. मी पुढे बसून बायकोची वाट बघतोय आणि मागच्या सीटवर सात वर्षांची भाची चित्रांचं पुस्तक घेऊन बसलेली. मशीनच्या पात्याखालून एक खडा उडाला, 'फट्' असा आवाज झाला, आणि वळून बघतो तर मागे काच नाहीच! भाचीच्या केसांत, फ्रॉकवर, सीटवर, डिकीत, सगळीकडे खडीसाखर सांडावी तसे काचेचे तुकडे. पोरगी घाबरून रडायला लागली. घरी नेलं, कपडे झटकले, केस विंचरले, टॉर्च लावून बघितलं. मानेवर एक बारीक ओरखडा. बस्स.

गवत कापणाऱ्या ठेकेदाराने नेहमीप्रमाणे हात वर केले. ते सोडा.

त्या रात्री मला काकूचं मनगट आठवत राहिलं. आमच्या घरातले जे कुणी हे वाचत असतील त्यांना ती खूण ठाऊक आहे. १९७८ साली पेठेतल्या वाड्यात वाऱ्याने दार आपटलं, दाराची काच फुटली आणि तिचा सुरीच्या पात्यासारखा तुकडा काकूच्या मनगटात गेला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं आजही नीट मिटत नाहीत. ती काच घरच्या दाराची, ही गाडीची. दोन्ही वाळू, सोडा आणि चुना वितळवूनच बनलेल्या. मग एकीने बोटं नेली आणि दुसरीने नुसता ओरखडा काढला, असं का?

दुसऱ्या दिवशी काच बसवणाऱ्याच्या दुकानात गेलो तेव्हा डोक्यात हाच प्रश्न होता. "पुढची काच असती तर बारीक टिचकी भरून दिली असती," तो म्हणाला. "मागची भरता येत नाही. ती असली तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही." या माणसाला ३५० वर्षांचा इतिहास एका वाक्यात ठाऊक होता!

तो इतिहास सुरू होतो एका थेंबापासून. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याचा बेडकाच्या पिल्लासारखा आकार होतो, पुढे गोल डोकं आणि मागे बारीक लांब शेपूट. डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटीचं टोक नुसतं मोडा, अख्ख्या थेंबाचा भुगा! इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा आतेभाऊ प्रिन्स रूपर्ट याने १६६० साली हे थेंब राजाला आणून दाखवले. (इकडे पावनखिंड घडली ते हेच साल.) राजाने ते नव्याने निघालेल्या रॉयल सोसायटीकडे धाडले. रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यावर लिहिलं. दरबारात मात्र त्याचा उपयोग मुख्यतः गमतीसाठी व्हायचा, म्हणजे कुणाच्या तरी हातात थेंब द्यायचा आणि हळूच शेपूट मोडायची.

आता यामागचं कारण. थेंब पाण्यात पडला की बाहेरचा थर क्षणात थंड होऊन घट्ट होतो. आतली काच अजून गरम असते. ती सावकाश थंड होताना आक्रसू बघते, पण बाहेरचं कवच एव्हाना कडक झालेलं. त्यामुळे आतली काच बाहेरच्या थराला सगळीकडून आत ओढत राहते. ज्यांनी गावाकडे बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना बघितली असेल त्यांना हे चटकन कळेल. लोखंडी धाव लालभडक तापवून लाकडी चाकावर बसवतात, वर पाणी ओततात, ती आक्रसते आणि चाक असं काही आवळते की आरे हलत नाहीत. काचेत फरक एवढाच, की आवळणारी धाव आतल्या बाजूला असते.

तडा जायला काच ताणली जावी लागते. बाहेरचा थर दाबलेला असेल तर बारीक चरा पडला तरी त्याचं तोंड मिटलेलंच राहतं, म्हणून डोकं हातोडीला दाद देत नाही. पण तडा एकदा का आतल्या ताणलेल्या भागापर्यंत पोचला की तिथे कोंडलेली सगळी ताकद एकदम सुटते. १९९४ साली चंद्रशेखर आणि चौधरी या दोन शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने याची छायाचित्रं प्रसिद्ध केली. तडा सेकंदाला दीड किलोमीटरपेक्षाही अधिक वेगाने धावतो आणि वाटेत फाटे फोडत जातो. म्हणून मोठे सुळे तयारच होत नाहीत, दाणे होतात.

आमची मागची काच म्हणजे या थेंबाचीच पणती. पण थेंबापासून तिच्यापर्यंत यायला दोनशेहून अधिक वर्षं गेली. १८७४ साली फ्रान्सच्या द ला बास्ती नावाच्या गृहस्थाने तापवलेली काच तेलाच्या कढईत बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. काच मजबूत झाली खरी, पण त्या काळी या पद्धतीने केलेली भांडी कधीकधी टेबलावर ठेवल्या ठेवल्या आपोआप फुटायची! विसाव्या शतकात तेल गेलं आणि हवा आली. आज काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, हवा तो बाक देतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. काही सेकंदांत काम होतं. काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. मात्र त्यानंतर ती कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. वायपरचं भोकसुद्धा आधीच पाडून ठेवावं लागतं. टिचकी भरता का येत नाही, याचं उत्तर मला इथे मिळालं. आमच्या खड्याने कवच भेदलं त्याच क्षणी सगळी काच गेली होती, भरायला काही उरलंच नव्हतं.

मग पुढच्या काचेची टिचकी कशी भरता येते? तिचं घराणंच निराळं. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस याच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक काचेचं भांडं उंचावरून पडलं आणि तडे जाऊनही अखंड राहिलं, अशी गोष्ट सांगतात. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ थराने तुकडे धरून ठेवले होते. मोटार अपघातात काचेने चिरल्या गेलेल्या माणसांच्या बातम्या वाचून त्याला त्या भांड्याची आठवण झाली, आणि १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये पडदा चिकटवलेल्या काचेचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात ही काच विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना लागली. मोटारीत ती रुळली त्यानंतर.

जुन्या गाड्यांना पुढेही टफन काचच असायची. खडा लागला की एका क्षणात सगळी काच पांढरीफटक, समोरचा रस्ता गायब. आमचे एक शेजारी मूठ मारून काचेला भोक पाडून घाट उतरल्याची हकीकत रंगवून सांगत. म्हणून आता पुढे न विखुरणारी जोडकाच आणि मागे दाणे होणारी टफन काच, अशी वाटणी झाली आहे.

हॅचबॅकच्या मागच्या काचेला कामंही फार. फ्रान्समध्ये १९६१ साली आलेली रेनॉ ४ ही अशा मोटारींपैकी एक सुरुवातीची लोकप्रिय गाडी. तिला मागे वर उचलायचं दार होतं. खुर्ची न्या, बटाट्याची पोती न्या. पण दाराबरोबर काचही उचलली जाते आणि आपटलीही जाते. शिवाय गाडीची पाठ अशी तुटक उभी असल्याने तिच्यामागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांची धूळ उडून थेट काचेवर बसते. डिकी बाहेर आलेल्या बहुतेक सेदान मागच्या वायपरविना चालतात, पण हॅचबॅकला तो लागतो, याचं कारण हेच. आणि काचेवरच्या त्या बारीक तपकिरी रेघा म्हणजे चांदीची पूड मिसळलेल्या लेपाच्या तारा. त्यातून वीज गेली की दव उडतं. त्या भट्टीतच काचेवर भाजल्या जातात.

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात हॅचबॅक आली ती मारुती ८०० च्या रूपाने. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली. २०१४ च्या जानेवारीत ती गाडी बनणं थांबलं, पण आमच्यासारख्यांच्या मनात 'गाडी' म्हटलं की आजही तोच आकार येतो.

काचेच्या या गोष्टीत आपला महाराष्ट्र मात्र मोटारींच्या कितीतरी आधी येतो. स्वदेशीच्या दिवसांत अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना काढली, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे मुलं तयार केली आणि ती मुलं देशभरच्या काच कारखान्यांत पांगली. वार्ष्णेय पुढे उत्तर प्रदेशात बहजोईला गेले. तिकडे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरात पोचला. आजीच्या तोंडची ती 'कंदिलाची काच' बहुधा तिथलीच.

आणि योगायोग बघा. त्याच तळेगावात बरोबर १०० वर्षांनी, २००८ साली, एका अमेरिकन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि तिथे बनायच्या त्या हॅचबॅक! तो कारखाना २०२० साली बंद पडला. ज्यांनी एकेक पैसा दिला, त्यांनी आपल्या गावात अशी काच लावलेल्या गाड्या रांगेने बाहेर पडतील असं स्वप्नातही पाहिलं नसेल.

असो. नवी काच बसवायला दोन-अडीच तास लागले. आधी व्हॅक्यूमने दाणे ओढले (तरी ते महिनाभर सीटच्या फटीतून निघतच आहेत). मग जुना चिकट थर पात्याने तासला, प्रायमर लावला, सीलंटची एकसारखी वळी ओढली आणि चोषण-मुठींनी उचलून काच अलगद बसवली. तारांची टोकं जोडली, वायपर लावला. काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नसतो, उन्हापासून त्या सीलंटचं रक्षण करायला असतो, हेही तिथेच कळलं. पूर्वी रबरी बीडिंगच्या खाचेत दोरी घालून, आतून ती ओढत ओढत काच बसवायचे, तो प्रकार आता नव्या गाड्यांत जवळपास नाही. निघताना तो म्हणाला, "आज दारं जोरात आपटू नका, एक काच थोडी खाली ठेवा. नाहीतर आतली हवा ओल्या सीलंटला ढकलते."

यात मला खरी मोठी वाटते ती एक गोष्ट. माणसाने आधी न फुटणारी काच करून पाहिली. काच फुटणारच, हे पत्करल्यावर प्रश्न बदलला, की फुटली तर समोरच्या माणसाचं काय होईल? पडदा घातलेली काच आणि दाणे होणारी काच ही त्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. भाचीच्या मानेवरचा ओरखडा आठवड्यात गेला. काकूच्या दारापर्यंत मात्र यातलं एकही उत्तर पोचलं नव्हतं, आणि १९७८ साली या दोन्ही गोष्टी जुन्या झालेल्या होत्या, याचं वाईट वाटतं.

म्हणून नातेवाईक मंडळींना आणि मित्रांना एकच सांगणं. गाडीच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, तसा आपल्या घरातल्या काचांवर आहे का बघा. गच्चीचं दार, न्हाणीघराचा आडोसा, टीपॉयची काच, जिथे मूल धावत येऊन धडकू शकतं अशी प्रत्येक जागा. शिक्का नसेल तर काचवाल्याला टफन काच मागा आणि माप नीट घेऊन द्या, कारण ती नंतर कापून मिळत नाही. आमच्या गच्चीच्या दाराची मी परवाच ऑर्डर दिली.