संगोपनाची विद्या

झाशीचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा उंच तट उभा राहतो, त्या तटाखाली एक घोडा, आणि घोड्यावरील स्त्रीच्या पाठीशी बांधलेले एक लहान मूल. त्या स्त्रीच्या हातातील तलवारीवर पोवाडे झाले, कादंबऱ्या झाल्या, इतिहासही पुष्कळ लिहिला गेला. पाठीवरच्या मुलाची आठवण मात्र आपण चित्रापुरतीच ठेवली. श्रोतेहो, आज त्या मुलाचे बोट धरून मला आपणांस एका साध्याशा प्रश्नाकडे न्यायचे आहे. मुलाला शिकविणारे शिक्षक असतात, शाळा असतात. पण जे मूल वाढवितात त्यांना ती विद्या कोण शिकविते?

झाशीच्या राजवाड्याला हा प्रश्न फार जवळचा होता. मणिकर्णिका तांबे तीन-चार वर्षांची असतानाच तिची आई भागीरथीबाई वारली. पुढे ती वाढली ती बिठूरला, वडील मोरोपंतांच्या आणि दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाखालील मंडळींच्या सहवासात. लक्ष्मीबाई होऊन ती झाशीला आली; १८५१ साली तिला पुत्र झाला आणि काही महिन्यांतच तो गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात, गंगाधरराव मृत्युशय्येवर असताना, नेवाळकर घराण्यातील आनंदराव नावाचा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. त्याचे नाव दामोदरराव ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांनी डोळे मिटले. त्या मुलाच्या दत्तविधानावरून कलकत्त्यापासून लंडनपर्यंत कागद फिरले. तो वारस होऊ शकतो की नाही यावर मोठमोठे खल झाले. तो रात्री कोणाजवळ निजत होता, त्याला ज्वर आला तर कोण उशाशी बसत होते, हे त्या कागदांत असण्याचे कारणच नव्हते.

१८५८ च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली. नऊदहा वर्षांच्या त्या मुलाला मग मूठभर इमानी माणसांनी सांभाळले. रानावनांतून भटकत, झालरापाटणमार्गे १८६० साली तो इंदूरला पोचला. तेथेच वाढला, संसारी झाला आणि १९०६ साली तेथेच वारला. राज्य गेले, खजिना गेला, पण मूल वाचले. ज्यांनी ते वाचविले ते शिपाई आणि नोकरचाकर होते. बालसंगोपनाचा धडा त्यांना कोणी दिलेला नव्हता. घरी जे पाहिले होते तेवढ्या शिदोरीवर त्यांनी ते काम केले.

आपल्या समाजातील संगोपनाची पहिली शाळा ती हीच, पाहण्याची. घरातील आजी, माहेरी आलेली आत्या, शेजारची सुईण, यांच्या हाताकडे पाहत पाहत मुली माता होत. शास्त्र नव्हते असे मुळीच नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग आहे आणि काश्यपसंहितेसारखा ग्रंथ बालकांच्या पोषणाचाच विचार करतो. परंतु ते शास्त्र संस्कृतात होते, वैद्यांजवळ होते. माजघरापर्यंत त्याचे चार थेंबच झिरपत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या धुमश्चक्रीत झाशीत सापडले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात झाशीच्या मोठ्या ग्रंथसंग्रहाची राखरांगोळी कशी झाली ते वाचताना आजही मन विषण्ण होते. पोथ्या जळल्या ते सर्वांना दिसले. पण शहर उठते, घरे मोडतात, माणसे परागंदा होतात, तेव्हा आजीजवळची न लिहिलेली विद्याही वाटेत सांडते, आणि ती सांडलेली कोणाला दिसत नाही.

पुढच्या शंभर वर्षांत घर मोडण्यासाठी तोफांची गरज उरली नाही. रेल्वे आली, गिरण्या आल्या, नोकऱ्या आल्या. माणसे शहरांकडे निघाली आणि आजी गावी राहिली. शहरातील खोलीत एकट्या पडलेल्या तरुण आईने कोणाकडे पाहावे? १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले आणि स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली, तेव्हा शुश्रूषा हीसुद्धा शिकण्याची आणि शिकविण्याची गोष्ट आहे हे समाजाने प्रथम नाखुशीने आणि मग कौतुकाने मान्य केले. तरी निरोगी मुलाच्या रोजच्या वाढीचे काय? त्याच्या हट्टाचे, खेळण्याचे, प्रश्नांचे काय?

याचे उत्तर शोधण्याचा मान दोन नावांकडे जातो. एक गिजुभाई बधेका. हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर काढले. दुसऱ्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, प्रार्थनासमाजी वळणात वाढलेल्या, पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोटच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या होत्या. ते पद सोडून त्या गिजुभाईंच्या प्रयोगात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून ताराबाई ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून काढू लागल्या.

या पत्रिकेकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. ती शिक्षकांसाठी होती तशीच पालकांसाठीही होती. ज्यांना भावनगरला जाणे शक्य नव्हते, मुंबईच्या वर्गात बसणे शक्य नव्हते, त्यांच्या घरी ती टपालाने जात असे. मुलाला का मारू नये, भीती का घालू नये, त्याच्या हाताला काम का द्यावे, हे ती सोप्या मराठीत सांगे. आज ज्याला आपण दूरशिक्षण म्हणतो त्याचे, बालसंगोपनाच्या क्षेत्रातील, हे आपल्याकडील एक आरंभीचे रूप होय.

पण पत्रिका वाचणाराच्याच घरी जाते. १९३१ च्या जनगणनेत देशातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरी तीनसुद्धा नव्हते. ताराबाईंना ही मर्यादा उमगली होती. १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले, तेथे बालशिक्षिका तयार होऊ लागल्या. पण त्यांचे समाधान झाले नाही. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्या बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

तेथे त्यांना जो धडा मिळाला तो कोणत्याही ग्रंथात नव्हता. बालवाडी काढली, पण मुले येईनात. आईबाप कामाला जात. थोरली मुले धाकट्यांना कडेवर घेऊन किंवा गुरांमागे फिरत. तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताईंनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. गुराख्यांसाठी कुरणात शाळा भरविली. परदेशी साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, काटक्या, पाने ही साधने झाली. अंगणात मुलांना न्हाऊ घातले जाई, गोष्ट सांगितली जाई, आणि कुडाला टेकून आई, आजी, थोरली बहीण ते पाहत असत. शिकविणे मुलांचे चालले होते. शिकत होती सारी वस्ती. पाहून शिकण्याची जुनी रीत आणि नवे बालशास्त्र यांची अशी गाठ अंगणात पडली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या मातीतला आहे.

याच सुमारास, १९५६ साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. विषय संगोपनाचा नव्हता, ग्रामजीवनाचा होता. परंतु दुरून शिकविण्याचे मर्म त्याने उघड केले. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. वीसएक माणसे एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पुढे तपासणी झाली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्यापेक्षा मंडळे असलेल्या गावांच्या ज्ञानात कितीतरी अधिक भर पडलेली आढळली. आवाज दोन्हीकडे तोच गेला होता. फरक एवढाच की एकीकडे ऐकल्यावर विचारायला सोबती होते आणि दुसरीकडे नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत सुरू झाली आणि कोसबाडची अंगणवाडी नावारूपाने देशभर पसरली. ती कालांतराने झाशी जिल्ह्याच्या खेड्यांतही पोचली. आपल्याकडे जिला सेविका म्हणतात तिला तिकडे कार्यकत्री म्हणतात. सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर स्त्रिया, स्तनदा माता, पोषण, लसीकरण, शाळापूर्व शिक्षण, असा अनेक पदरी भार या एका बाईच्या माथ्यावर आला. तिच्या हाती येणारे मूल राजवाड्यातले नाही. पण त्याची भूक, त्याची भीती आणि त्याचे कुतूहल दामोदररावाहून निराळे नाही.

आता तिच्या शिक्षणाचे वाहन बदलले आहे. २०१७ साली ‘दीक्षा’ हा शासकीय ज्ञानमंच सुरू झाला. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे टाळेबंदी आली, अंगणवाड्यांची दारे बंद झाली, आणि मोबाइलच्या पडद्यावरून धडे देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी व त्यापुढे शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सुचविला. तो दूरदर्शन वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरून, चालू कामात शक्य तितका कमी व्यत्यय आणून शिकवावा असे म्हटले. २०२३ साली ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम निघाला. २०२४ साली जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि पुढच्या वयासाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे आले. त्यांपैकी पहिल्यात छत्तीस महिन्यांचे, महिन्यागणिक काय करावे याचे वेळापत्रकच आहे. हे आराखडे संगणकावर खुले आहेत. माता, पिता, पाळणाघर चालविणारी बाई, कोणीही ते पाहू शकते.

ही सोय लहान नाही. ताराबाईंच्या पत्रिकेला जे साधले नाही ते पडद्याला साधेल: अक्षर न वाचणारी आईही त्यावर पाहू शकेल, ऐकू शकेल. झाशीपासून दूरच्या खेड्यातील कार्यकत्रीला मोठ्या शहरातील तज्ज्ञाचा धडा घरी मिळेल. पण इतिहास आपल्या कानाशी काही सांगत असेल तर तो ऐकला पाहिजे. मोबाइल घरात एक असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. झाशीच्या खेड्यांतील आई आपल्या तान्ह्याशी बुंदेलीत बोलते. धडा छापील हिंदीत आला तर तो तिला सरकारी कागदासारखा परका वाटेल. वारल्यांची बोली कानी घेतल्यावाचून कोसबाडला पाऊल पुढे पडले नव्हते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की धडा पाहून झाल्याची नोंद होते, प्रमाणपत्र मिळते. त्या धड्याने अंगणातल्या मुलाचे काय झाले हे पडद्याला दिसत नाही.

म्हणून त्या धोरणातील एक लहानसे वाक्य मला फार मोलाचे वाटते. दूरशिक्षणाची सारी तरतूद सांगितल्यावर त्यात असे म्हटले आहे की शालेय विभागाच्या समूह साधन केंद्रांनी या सेविकांना मार्गदर्शन करावे आणि महिन्यातून निदान एकदा त्यांचा प्रत्यक्ष वर्ग भरवावा. महिन्यातून एक दिवस! पुण्याच्या श्रोतृमंडळांनी जे सिद्ध केले आणि कोसबाडच्या अंगणात जे रोज घडत होते, त्याचेच हे सार आहे. खर्चाची काटछाट करताना असे एक वाक्य पुसणे सोपे असते, कारण ते पुसल्यावर पडद्यावरचा धडा चालूच राहतो. पण तो दिवस गेला की कार्यकत्रीला विचारायला कोणी उरत नाही, आणि मग ती शिकल्याची नुसती नोंद राहते.

दामोदररावाला ज्यांनी रानातून पार नेले त्यांच्याजवळ पुस्तक नव्हते, दिवा नव्हता. पण ते एकटे नव्हते. एकाला कळले नाही तर तो दुसऱ्याला विचारू शकत होता. झाशीच्या किल्ल्याच्या सावलीत आज जी कार्यकत्री वीस-पंचवीस मुले घेऊन बसली आहे, तिच्या हातात दिवाही आहे आणि पुस्तकही. तिला सोबत देणे एवढेच आपल्याकडे लागते.