एका टाचणीचं नाव : फ्रेझर ते ठोसेघर

आजची गोष्ट कीटकांची आहे, पण खरं म्हणजे ती माणसांची आहे.

पावसाळा संपत आला होता. एका रविवारी मी बेंगळुरूच्या जक्कूर तलावावर गेलो होतो. काठच्या गवतावर एक पिवळी टाचणी बसलेली दिसली. टाचणी म्हणजे चतुराची बारीक चणीची बहीण. मी मोबाइलवर फोटो काढला, निरीक्षणं नोंदवण्याच्या एका संकेतस्थळावर टाकला आणि मनात मांडे खाऊ लागलो, की ही नवीच जात निघाली तर? संध्याकाळी एका जाणकाराचं उत्तर आलं : सेरियाग्रिऑन कोरोमंडेलियानम. तळ्याकाठी सर्रास दिसणारी टाचणी!

मी जरा खट्टू झालो. मग वाचायला लागल्यावर कळलं, की याच सेरियाग्रिऑन वंशातली एक टाचणी २०१९ मध्ये खरोखरच नवी ठरली आहे. ती आपल्या सिंधुदुर्गातली. नाव सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स, म्हणजे रंगीत छातीची. ते वर्णन लिहिणारे दोघे जण : बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले, म्हणजे एनसीबीएसमधले शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत. पुढे २०२२ मध्ये याच दोघांनी आंबोलीच्या हेमंत ओगले यांच्याबरोबर एक नवा चतुर जगासमोर आणला. त्याला नाव दिलं बर्मागोम्फस चौकुलेन्सिस. आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचं नाव!

आता थोडं मागे जाऊ. आपल्याला वाटतं, की हौशी माणसांनी विज्ञानात भाग घेणं ही मोबाइल आल्यानंतरची गोष्ट आहे. तसं नाही. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, ती आठ जणांनी मिळून. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. दोघेही वैद्यकीय पेशातले. तिसरा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. हा जन्मला साताऱ्यात, नोकरी करायचा जकात आणि मीठ खात्यात आणि वेड फुलपाखरांचं. कारवारच्या बाजूला असताना त्याने डेव्हिडसन नावाचा कलेक्टर आणि बेल नावाचा वनाधिकारी यांच्यासोबत फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, कोणती अळी काय खाते ते लिहून ठेवलं. फुलपाखरांचा अभ्यास हे तिघांपैकी कुणाच्याही पगाराचं काम नव्हतं.

चतुर आणि टाचण्यांचं तर विचारूच नका. भारतातल्या चतुरांचे तीन जाडजूड खंड १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये निघाले. ते लिहिणारा फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला शल्यचिकित्सक. त्याच्या सन्मानार्थ लेडलॉने १९२० मध्ये सह्याद्रीतल्या ओढ्यांवरच्या एका टाचणीला नाव दिलं युफिया फ्रेझरी.

आता बघा, काळ कसा फिरतो. २०२१ मध्ये याच युफिया वंशातली एक नवी टाचणी साताऱ्याकडच्या डोंगरांतून जाहीर झाली. लिहिणारे चौघे : श्रीराम भाकरे, प्रतिमा पवार, सुनील भोईटे आणि कलेश सदाशिवन. यातले सदाशिवन हे केरळातले प्लास्टिक सर्जन. म्हणजे शंभर वर्षांनीही सर्जन टाचण्यांच्या मागे आहेतच! पण नाव कुणाचं दिलं? कुठल्या साहेबाचं नाही. युफिया ठोसेघरेन्सिस. धबधब्याच्या ठोसेघरचं.

मला या इतिहासात हाच बदल महत्त्वाचा वाटतो. कीटक शोधणारी माणसं तेव्हाही प्रयोगशाळेबाहेरचीच होती. मात्र फ्रेझरच्या खंडांवर लेखक म्हणून एकच नाव आहे. साहेबाला ओढ्याची वाट दाखवणारे, जाळं धरणारे गावकरी कोण होते, हे आपण आज सांगू शकत नाही. आज ओढ्याकाठचा माणूस लेखकांच्या यादीत बसतो आणि गाव कायमचं शास्त्रीय नावात जातं.

पण लेखकांच्या यादीत बसणं सोपं नाही. नुसत्या फोटोने नवी जात ठरत नाही. टाचण्यांमध्ये रंग वयानुसार बदलतात. त्यामुळे नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे, पंखांच्या शिरा, मीलनाचा अवयव हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. जवळच्या सगळ्या ज्ञात जातींशी ताडून बघावं लागतं. एक नमुना मूळ नमुना म्हणून ठरवून संग्रहात जपावा लागतो. तो गोळा करायला परवानग्या लागतात. इथे बेंगळुरूसारख्या शहरातल्या संस्था कामी येतात. एनसीबीएसमधले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी फुलपाखरं, पतंग, चतुर यांची जी संकेतस्थळं चालवतात, तिथे हजारो लोकांचे फोटो तारीख आणि ठिकाणासह तपासले जातात. वेगळं काही दिसलं, की पुढचा शोध सुरू होतो. फोटो म्हणजे दारावरची थाप. दार उघडायला अभ्यास लागतो.

आणि घाई का करायची? टाचणीचं बालपण पाण्यात जातं. ओढा आटला, तळं बुजवलं, की पिढीच संपते. आणि जिची नोंदच नाही, ती गेली हेही कुणाला कळत नाही. नाव मिळालं, की निदान तिच्या बाजूने बोलता येतं.

म्हणून माझी ती जक्कूरची सामान्य टाचणीही वाया गेली नाही. अमुक तारखेला, अमुक तळ्यावर ती होती, एवढी नोंद तर झाली! उद्या तिथे ती दिसेनाशी झाली, तर हीच नोंद साक्ष देईल. तुम्हीही तुमच्या गावच्या ओढ्यावर जा. पकडू नका, फक्त फोटो काढा. तारीख आणि गावाचं नाव मात्र न विसरता लिहा.