साडेतीन मिनिटांतले पलुस्कर

दत्तात्रेय विष्णू पलुस्कर, रसिकांचे बापूराव, यांचा जन्म नाशिकचा, २८ मे १९२१ चा. ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने ते गेले तेव्हा वय होतं ३४. पहिली जाहीर मैफल चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात. पहिली तबकडी १९४४ ची. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या हिशेबाने पाहिलं तर या गवयाची कारकीर्द जेमतेम अकरा वर्षांची. त्यांची भर मैफल कशी रंगत असे, हे आज सांगायचं तर या अकरा वर्षांतल्या ऐवजावरच भिस्त ठेवावी लागते. आठवणी पुष्कळ आहेत, पण अकाली गेलेल्या माणसाच्या आठवणींना हळहळीचा रंग चढतोच. तो वजा करूनच त्या वाचायला हव्यात.

वडील पं. विष्णू दिगंबर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते मुंबईत आणलं. तिथली इमारत कर्जापायी हातची गेली आणि उत्तरायुष्यात ते नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात रमले. दत्तात्रेय दहा वर्षांचा असताना, १९३१ मध्ये, तेही गेले. नाशिकच्या त्या घरातून मुलाला रामनाम मिळालं असेल. पण गायकीची खरी तालीम वडिलांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडची.

आता ऐवज पाहू. ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला सव्वातीन, फार तर साडेतीन मिनिटं वाजते. पलुस्करांसारख्या ग्वाल्हेर घराण्याच्या गवयाने अर्धा-पाऊण तास मांडायचा विलंबित ख्याल तिथे बसणार कसा? मग स्थायी-अंतरा झटपट सांगायचा, चार आलाप, मोजक्या ताना, की संपलं. ही घुसमट सगळ्याच गवयांच्या वाट्याला आली. भजनाचं तसं नाही. तुलसीदासांचं किंवा मीरेचं पद तीन-साडेतीन मिनिटांत अंगभर मावतं, काही कापावं लागत नाही. पलुस्करांच्या भजनांच्या तबकड्या घरोघरी गेल्या, आणि ‘भजन गावं ते पलुस्करांनीच’ अशी ख्याती झाली. ती खोटी नाही. पण तिच्यात गळ्याइतकाच तबकडीच्या मापाचाही हात आहे, असं माझं मत आहे. ख्यालाला तेव्हा तेवढी जागा मिळालीच नाही.

दुसरा पुरावा सिनेमाचा. विजय भट्टांच्या ‘बैजू बावरा’त (१९५२) नौशाद यांनी अमीर खाँ आणि पलुस्कर यांची देसी रागातली जुगलबंदी घेतली. पडद्यावर तानसेन विरुद्ध बैजू, भर दरबार. अनेकांना पलुस्करांची ‘मैफल’ म्हणून आठवते ती हीच. पण ही मैफल नव्हे. हार-जीत पटकथेत आधीच ठरलेली, तानांची देवघेव बेतलेली, दरबार नुसता देखाव्याचा. तरी पुरावा म्हणून तिची किंमत मोठी आहे. अमीर खाँचा खर्जाकडे झुकणारा, भारदस्त आवाज आणि त्यालगत पलुस्करांचा मोकळा, स्वच्छ आकार. द्रुत लयीतही तानेचा दाणा विस्कटत नाही की चढ्या सुरात कुठे जोर लावल्याचं जाणवत नाही. कानाला हे नि:संशय कळतं. तासभराचा राग ते कसा उभारत, हे मात्र यातून कळायचं नाही.

पलुस्करांचं स्टुडिओतलं गाणं उरलं, मैफल उरली नाही. जपानमध्ये याच्या नेमकं उलट घडलेलं आहे. ‘ले राली देन्युदे’ हा १९६७ मध्ये क्योतोत निघालेला रॉक बँड. रीतसर स्टुडिओ अल्बम त्यांनी जवळजवळ केलाच नाही. त्यांची कीर्ती उभी आहे ती मंचावरच्या ध्वनिफितींवर. १९७७ च्या मार्चमधली त्यांची मैफल १९९१ मध्ये सीडीवर निघाली, आणि आज तोच त्यांचा मुख्य दस्तऐवज आहे. तिथे टेप रेकॉर्डर हाताशी होता, इथे पलुस्करांच्या काळात तो अजून सर्रास नव्हता. आपल्याकडचंच पाहायचं तर भीमसेन जोशी पलुस्करांहून फक्त आठ महिन्यांनी लहान. ते २०११ पर्यंत होते. लाँगप्ले, कॅसेट, दूरदर्शन, सीडी, सगळं त्यांच्या हयातीत आलं. त्यांच्या एकेका रागाच्या चार-चार मैफली शेजारी ठेवून ताडता येतात. पलुस्करांच्या अभ्यासकाच्या नशिबी ते नाही.

नाही म्हणायला थोडी लांब ध्वनिमुद्रणं उरली आणि मागाहून लाँगप्लेवर आली. जाणकार त्यात श्री रागाचं नाव आधी घेतात. तिथे आपला भजनवाला पलुस्कर एकदम वेगळा भेटतो: रिषभावर ठाण मांडलेला, घाई नसलेला, बंदिशीचे शब्द न चावता सुरात सोडणारा. भजनांच्या तबकड्यांवरून या संथपणाचा अंदाज येत नाही. पण इथे समोर बसलेल्यांची दाद नाही, गवयाने ऐनवेळी बदललेला बेत नाही. तेव्हा ‘राग कसा मांडत’ या प्रश्नाला या मुद्रणाची साक्ष चालेल. ‘मैफल कशी जिंकत’ याला नाही.

१९५५ मध्ये ते सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आले. ‘शापमोचन’ हा त्यांचा आवाज असलेला बंगाली चित्रपटही त्याच वर्षीचा. ऑक्टोबरात सगळं थांबलं. लाँगप्ले तबकडी अमेरिकेत १९४८ मध्येच बाजारात आली होती. आपल्याकडे ती रुळली तेव्हा पन्नाशीचं दशक सरत आलं होतं.