यंत्रमागाने वडिलांचा धंदा बुडवला, त्यांचाच मुलगा पुढे पोलादसम्राट झाला

१९०१ साली अँड्र्यू कार्नेगीने आपली पोलाद कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली आणि तो जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक झाला. हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण त्याचे वडील काय करायचे?

विल्यम कार्नेगी हे स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचे विणकर. हे गाव नक्षीदार लिननसाठी प्रसिद्ध होतं. खाली माग आणि वर माळ्यावर संसार, अशा घरात १८३५ साली अँड्र्यू जन्मला. धंदा वाढला तसे विल्यमनी आणखी माग घेतले, मोठं घर घेतलं.

मग वाफेवर चालणारे यंत्रमाग आले आणि हातमागाचं काम मिळेनासं झालं. विल्यमची बायको मार्गारेट ही बूट बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. तिने छोटं दुकान टाकलं, रात्री बूट शिवले आणि घर चालवलं. शेवटी अमेरिकेला जायचं ठरलं. मागांचा लिलाव केला, पण त्यातून फारसं काही हाती आलं नाही. तिकिटासाठी २० पौंड मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले.

१८४८ साली नवरा-बायको आणि दोन मुलं ग्लासगोहून जहाजाने निघाली. पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेघेनीत मार्गारेटच्या बहिणी आधीच राहत होत्या. तिथेच कार्नेगी कुटुंबाला राहायला जागा मिळाली.

देश बदलला, पण विल्यमचं नशीब बदललं नाही. ते टेबलावर अंथरायची कापडं विणायचे आणि दारोदार फिरून विकायचे. त्यातून भागेना, म्हणून ते सूतगिरणीत लागले. ज्या यंत्रांनी त्यांचा धंदा घालवला, तशाच यंत्रांवर काम करायची वेळ आली. १३ वर्षांचा अँड्र्यूही त्याच गिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर बॉबिन बदलायला लागला. विल्यमना गिरणी मानवली नाही. ते पुन्हा हातमागाकडे वळले.

पुढे अँड्र्यू तारखात्यात कामाला लागला. एकदा वडील कापड विकायला बोटीने निघाले होते, म्हणून तो त्यांना भेटायला धक्क्यावर गेला. पाहतो तर केबिनचे पैसे वाचवण्यासाठी ते उघड्या डेकवरून प्रवास करत होते. हा प्रसंग त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. मुलाची श्रीमंती पाहायला विल्यम राहिले नाहीत, १८५५ साली ते वारले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. १८९२ साली कार्नेगीच्या होमस्टेड कारखान्यात मालक आणि कामगार संघटना यांच्यात संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकने पिंकर्टन एजन्सीची हत्यारबंद माणसं बोलावली. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली आणि कुशल कारागिरांची संघटना मोडून पडली. गंमत म्हणजे ही एजन्सी काढणारा अ‍ॅलन पिंकर्टनसुद्धा स्कॉटलंडहून आलेला कारागीर, लाकडी पिंपं बनवणारा.

विणकराच्या मुलाने कारागिरांची बाजू घेतली नाही, हा डाग कार्नेगीच्या नावावर कायम राहिला.

वडिलांची एक गोष्ट मात्र त्याने पुढे नेली. डनफर्मलिनमध्ये विल्यमसह काही विणकरांनी आपापली पुस्तकं एकत्र करून वाचनालय चालवलं होतं. कार्नेगीच्या पैशातून जगभर २,५०० हून जास्त ग्रंथालयं उभी राहिली. त्यातलं पहिलं १८८३ साली सुरू झालं, तेही डनफर्मलिनमध्येच.