द लास्ट एक्सप्रेस (व्हिडिओ गेम)

द लास्ट एक्सप्रेस हा १९९७ साली प्रकाशित झालेला, संगणकावर खेळावयाचा एक साहसप्रधान व्हिडिओ गेम आहे. जॉर्डन मेक्नर यांची संकल्पना असलेल्या या खेळाची निर्मिती सॅन फ्रान्सिस्को येथील स्मोकिंग कार प्रॉडक्शन्स या संस्थेने केली, तर प्रकाशन ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने केले. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या अगदी तोंडावर, जुलै १९१४ मध्ये, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलकडे निघालेल्या ओरिएंट एक्सप्रेस या आगगाडीत याचे कथानक घडते. समीक्षकांनी वाखाणलेला हा खेळ बाजारात मात्र सपशेल आपटला आणि प्रकाशनानंतर काही महिन्यांतच दुकानांतून नाहीसा झाला. प्रिन्स ऑफ पर्शिया या खेळामुळे मेक्नर यांचे नाव जगभर पोहोचले. द लास्ट एक्सप्रेस ही त्यांची त्याहून अधिक महत्त्वाकांक्षी कृती, पण तिची ओळख आजही मोजक्या जाणकारांपुरतीच राहिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ओरिएंट एक्सप्रेस ही शयनयान गाडी बेल्जियन उद्योजक जॉर्ज नागेलमाकर्स यांच्या वॅगाँ-ली कंपनीने १८८३ साली सुरू केली. पश्चिम युरोपातील राजधान्या बाल्कन प्रदेशाशी व ऑटोमन साम्राज्याशी जोडणाऱ्या या गाडीतून राजदूत, व्यापारी, कलावंत, सरदार आणि हेर प्रवास करीत. गाडी एकामागून एक राष्ट्रांच्या सीमा ओलांडत जाई. त्यामुळे १९१४ सालचा अवघा युरोप एका छपराखाली गोळा करू पाहणाऱ्या लेखकाला याहून सोयीची जागा मिळणे अवघड होते.

२८ जून १९१४ रोजी सारायेवो येथे ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड याची हत्या झाली. २३ जुलै रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. ती २५ जुलैच्या सायंकाळी संपली आणि २८ जुलैला युद्ध घोषित झाले. खेळातील गाडी २४ जुलैच्या सायंकाळी पॅरिस सोडते. म्हणजे निर्वाणीचा खलिता पोहोचलेला आहे, मुदत अजून संपलेली नाही आणि प्रवाशांपैकी कोणालाही पुढे काय वाढून ठेवले आहे याची नेमकी कल्पना नाही. खेळणाऱ्याला मात्र ती आहे. जेवणाच्या डब्यात जर्मन व्यापारी, रशियन सरदार आणि इंग्रज प्रवासी परस्परांशी अदबीने बोलत असताना जो ताण जाणवतो, तो या विसंगतीतून आलेला आहे.

कथानक

कथेचा नायक रॉबर्ट कॅथ हा तरुण अमेरिकन डॉक्टर आहे. एका आयरिश पोलिसाच्या हत्येच्या संशयावरून पोलीस त्याच्या मागावर आहेत. टायलर व्हिटनी या जुन्या मित्राने त्याला ओरिएंट एक्सप्रेसवर बोलावून घेतलेले असते. गाडीने पॅरिस सोडल्यानंतर कॅथ धावत्या मोटारसायकलवरून उडी घेऊन गाडीत शिरतो आणि मित्राच्या खोलीत पोहोचतो, तेव्हा टायलरचा खून झालेला असतो. प्रेताची विल्हेवाट लावून, रक्ताने माखलेला कोट बदलून, कॅथ स्वतःच टायलर व्हिटनी म्हणून वावरू लागतो. ज्यांच्याशी टायलरचे व्यवहार ठरले होते ती माणसे आता एकेक करून त्याच्यासमोर येतात आणि ते व्यवहार काय होते हे कॅथला ठाऊक नसते. खेळाची सारी गंमत, आणि बरीचशी भीतीही, या अज्ञानात आहे.

हळूहळू उलगडणारी साखळी अशी: टायलरजवळ अग्निपक्षी नावाची एक रत्नजडित रशियन कलावस्तू होती. क्रोनोस हा गूढ, धनाढ्य कलासंग्राहक ती सोन्याच्या मोबदल्यात घेणार होता. ते सोने ऑगस्ट श्मिट या जर्मन व्यापाऱ्याला द्यायचे होते आणि त्याच्याकडून मिळणारी शस्त्रे सर्बियन क्रांतिकारकांच्या हाती पडायची होती. याच गाडीत ॲना वोल्फ ही ऑस्ट्रियन व्हायोलिनवादक आहे. तिच्या प्रवासाचा हेतू केवळ संगीत नाही. वृद्ध रशियन सरदार ओबोलेन्स्की व त्याची नात तात्याना हेही प्रवासात आहेत, आणि तात्यानाचा बालमित्र ॲलेक्सी आता अराजकवादी झालेला आहे. बूतारेल नावाचे एक फ्रेंच कुटुंब आपल्या खोडकर मुलासह प्रवास करते. त्या मुलाच्या खिशातील एक शिट्टी पुढे सगळ्या कटकारस्थानांइतकीच महत्त्वाची ठरते आणि ती मिळविण्यासाठी कॅथला काडेपेटीत पकडलेला एक भुंगा देऊ करावा लागतो.

शेवट कॉन्स्टँटिनोपलमध्ये होतो. तोवर गाडीतील बहुतेक मैत्र्या, सौदे आणि प्रेमप्रकरणे मोडून पडलेली असतात आणि युद्धाची वार्ता कॅथ व ॲना यांच्या वाटा वेगळ्या करते. खेळाचे अनेक शेवट संभवतात. त्यांपैकी बहुतेक कॅथच्या मृत्यूचे, अटकेचे किंवा अपयशाचे आहेत आणि कथा पूर्णत्वास नेणारा शेवट एकच आहे.

खेळाची पद्धत

बाह्यतः द लास्ट एक्सप्रेस हा त्या काळातील इतर साहसखेळांसारखाच दिसतो. खेळणारा कॅथच्या नजरेतून गाडी पाहतो, माउसच्या साहाय्याने पुढेमागे जातो, वस्तू उचलतो, दारे ठोठावतो. वेगळेपण काळाच्या हाताळणीत आहे. नेहमीच्या साहसखेळात खेळणारा योग्य कृती करेपर्यंत जग त्याच्यासाठी थांबून राहते. कोडे सुटल्याशिवाय कोणी जागचे हलत नाही. येथे घड्याळ सतत चालू असते. खेळातील काळ प्रत्यक्षाच्या सहापट वेगाने सरकतो, म्हणजे दहा मिनिटांत गाडीतील एक तास उलटतो.

गाडीतील सुमारे ३० व्यक्तींपैकी प्रत्येकीची स्वतःची दिनचर्या आहे. कोणी ठरलेल्या वेळी जेवायला जाते, कोणी धूम्रपानाच्या दालनात बुद्धिबळ मांडते, कोणी दुसऱ्याच्या खोलीत चोरून शिरते. खेळणारा तेथे हजर असो वा नसो, हे सारे घडतच राहते. दोन टेबलांवर एकाच वेळी महत्त्वाचे संभाषण चालू असेल तर त्यांपैकी एकच ऐकता येते. मार्गिकेत उभे राहून बंद दारामागील भांडण ऐकत बसल्यास तिकडे जेवणाच्या डब्यातला एखादा दुवा कायमचा निसटतो. एका फेरीत सर्व काही पाहणे अशक्य आहे. तिसऱ्या-चौथ्यांदा खेळणाऱ्यांनाही नवे संवाद सापडतात.

या रचनेचा सर्वांत परिपक्व आविष्कार म्हणून मैफिलीच्या प्रसंगाकडे पाहावे लागेल. क्रोनोस आपल्या खासगी डब्यात प्रवाशांना निमंत्रित करतो आणि ॲनाच्या व्हायोलिनला स्वतः पियानोची साथ करतो. सेझार फ्रांक यांचा सोनाटा सुरू होतो. खेळणाऱ्याला खुर्चीत बसून ते संगीत निवांतपणे ऐकता येते आणि ते ऐकावेसेही वाटते. मात्र सारे प्रवासी एका डब्यात जमलेले असण्याचा अर्थ इतर खोल्या रिकाम्या आहेत असा होतो, आणि हे क्रोनोसच्या माणसांनाही ठाऊक असते. तेव्हा कॅथला केव्हातरी उठावेच लागते. संगीत चालूच राहते आणि संगीताचे सरकणारे मिनिट हेच कॅथच्या हातातील वेळेचे माप बनते.

चूक झाल्यास खेळ संपतो, पण सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. एका सुशोभित अंड्यातील घड्याळाचे काटे मागे फिरवून आधीच्या एखाद्या क्षणी परतण्याची सोय आहे. प्रगती आपोआप जतन होत असल्याने ती जपून ठेवण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. घड्याळ मागे नेऊन पुन्हा नवी कृती केली की त्यापुढचा जुना घटनाक्रम पुसला जातो. पुढे मेक्नर यांचा सहभाग असलेल्या प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (२००३) या गाजलेल्या खेळातही काळ मागे फिरविणारी कट्यार आली. या दोहोंतील साम्य नजरेत भरणारे आहे.

भाषांचा वापरही उल्लेखनीय आहे. प्रवासी आपापल्या मातृभाषांत बोलतात. फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन असे अनेक आवाज मार्गिकेतून येत राहतात. कॅथला अवगत असलेल्या भाषांतील संवादांखालीच उपशीर्षके दिसतात. जी भाषा त्याला येत नाही ती खेळणाऱ्यासाठीही केवळ सूर आणि हावभाव यांपुरती उरते.

निर्मिती

जॉर्डन मेक्नर यांनी येल विद्यापीठात शिकत असताना कराटेका (१९८४) हा खेळ तयार केला आणि त्यानंतर प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९). आपल्या धाकट्या भावाला धावताना व उड्या मारताना चित्रित करून, त्या चित्रफितीवरून एकेक चौकट रेखाटत त्यांनी राजपुत्राच्या हालचाली घडविल्या होत्या. रोटोस्कोपिंग नावाने ओळखले जाणारे हे तंत्र चित्रपटसृष्टीत जुनेच होते. द लास्ट एक्सप्रेसमध्ये मेक्नर यांनी त्याच तंत्राला फार मोठ्या प्रमाणावर हात घातला. कथालेखनात टोमी पियर्स या त्यांच्या सहलेखिका होत्या.

स्मोकिंग कार प्रॉडक्शन्सची स्थापना १९९३ साली झाली. नटनट्यांना त्या काळचे पोशाख घालून, निळ्या पडद्यासमोर उभे करून सुमारे तीन आठवडे चित्रीकरण करण्यात आले. पोशाखांवर व चेहऱ्यांवर आधीच ठळक रेषा रंगविलेल्या असत, म्हणजे संगणकाला पुढे बाह्यरेषा वेगळ्या काढणे सोपे जाई. निवडलेल्या हजारो चौकटी खास तयार केलेल्या संगणकप्रणालीतून गेल्या. रेषा निश्चित झाल्यावर त्यांत सपाट रंग भरण्यात आले. या पद्धतीचे एकस्वही घेण्यात आले. परिणामी पात्रे तूलूझ-लोत्रेक किंवा आल्फोन्स मुखा यांच्या भित्तिचित्रांतून उतरल्यासारखी दिसतात. हीच आर् नूव्हो शैली १९१४ पूर्वीच्या युरोपची ओळख होती. अनेक प्रसंगांत हालचाल सलग नसून एक स्थिरचित्र दुसऱ्यात विरघळत जाते. प्रथमदर्शनी हे खटकते, पण जुन्या छायाचित्रांचा संग्रह चाळत असल्याचा भास त्यातूनच निर्माण होतो. त्याच काळातील त्रिमितीय खेळांची चित्रे आज जितकी जुनाट वाटतात तितकी ही वाटत नाहीत.

डब्यांची अंतर्रचना, दिव्यांचे आकार, लाकडावरील जडावकाम या बाबतींत निर्मात्यांनी वॅगाँ-ली कंपनीच्या जुन्या डब्यांचा अभ्यास केला. संगीत एलिया च्मिराल या मूळच्या चेक संगीतकाराचे आहे. पुढच्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या रोनिन या हॉलिवूडपटासाठीही त्यांनी संगीत दिले.

प्रकाशन आणि अपयश

सुमारे चार वर्षांचे काम आणि ५० लाख डॉलरहून अधिक खर्च झाल्यानंतर १९९७ च्या वसंत ऋतूत हा खेळ तीन सीडींच्या संचात प्रकाशित झाला. मिस्टसारखा विक्रमी खपाचा खेळ बाजारात आणणाऱ्या ब्रॉडरबंडकडून मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात प्रकाशनाच्या काही आठवडे आधी कंपनीच्या विपणन विभागातील मंडळी सोडून गेली आणि खेळाची जाहिरात जवळजवळ झालीच नाही. जपानच्या सॉफ्टबँक समूहाने आपला खेळ विभाग गुंडाळल्याने प्लेस्टेशनसाठी बहुतांशी तयार झालेली आवृत्ती रद्द झाली आणि ती कधीच बाहेर आली नाही. १९९८ मध्ये द लर्निंग कंपनीने ब्रॉडरबंड विकत घेतली. नव्या मालकांना या खेळात रस नव्हता. विक्री साधारण लाखभर प्रतींच्या घरात राहिली आणि निर्मितीखर्च भरून निघण्यासाठी ती अगदीच तोकडी होती. स्मोकिंग कार प्रॉडक्शन्सचा हा पहिला आणि शेवटचा खेळ ठरला.

अपयशाचे सारे खापर जाहिरातीवर फोडणे मात्र पूर्णतः योग्य नाही. १९९७ च्या सुमारास साहसखेळांचा बाजार आक्रसू लागला होता आणि ग्राहकांचे लक्ष वेगवान त्रिमितीय खेळांकडे वळले होते. शिवाय ज्या खेळात धीराने बसून परक्या माणसांची संभाषणे ऐकावी लागतात, त्याचे सार खोक्यावरच्या दोन ओळींत सांगणे कोणत्याही विक्रेत्याला जड गेले असते.

पुनर्प्रकाशने

इंटरप्ले कंपनीने हक्क घेऊन हा खेळ स्वस्त आवृत्तीत पुन्हा विक्रीस आणला, पण लवकरच ती कंपनीही आर्थिक अडचणीत सापडली. त्यानंतरची काही वर्षे जुन्या सीडी हाच तो मिळविण्याचा मुख्य मार्ग होता. फ्रान्सच्या डॉटएमू कंपनीने त्याला पुन्हा बाजारात आणल्यावर २०१२ मध्ये आयफोन व आयपॅडसाठी आणि २०१३ मध्ये अँड्रॉइडसाठी आवृत्त्या निघाल्या. २०१३ मध्येच तो स्टीमवरही उपलब्ध झाला. डच दिग्दर्शक पॉल व्हरहोवन यांनी यावर चित्रपट काढण्याची इच्छा व्यक्त केली होती, परंतु तो चित्रपट निघाला नाही.

मेक्नर यांनी पुढे रीप्ले या चित्रमय आत्मकथनात आपल्या कुटुंबाची तीन पिढ्यांची कहाणी सांगितली. त्यात पहिल्या महायुद्धात लढलेल्या त्यांच्या आजोबांचे अनुभव आहेत, तसेच नाझी राजवटीपासून निसटलेल्या त्यांच्या वडिलांचे व्हिएन्नाहून झालेले पलायनही आहे. व्हिएन्ना हे खेळातील गाडीच्या मार्गावरील एक स्थानक आहे.