अंगावर काढलेली षटकं

आज क्रिकेटवर बोलायचं म्हटल्यावर आमच्यातल्याच दोघीतिघींनी नाक मुरडलं. क्रिकेट म्हणजे घरातल्या पुरुषांनी टीव्ही अडवून ठेवायचं निमित्त, असं त्यांचं म्हणणं. ते फारसं खोटंही नाही. पण हल्ली त्या टीव्हीतून एक शब्द सारखा कानावर पडतो, वर्कलोड. कामाचा बोजा. आणि बोजा म्हटलं की आपला कान टवकारतोच.

2025 साली जून ते ऑगस्टमध्ये भारताचा पुरुष संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी खेळला. जसप्रीत बुमराहने त्यातल्या तीनच खेळायच्या, हे आधीच ठरलं होतं. त्याच्या पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झालेली होती. मोहम्मद सिराज मात्र पाचही खेळला. त्याने 185.3 षटकं टाकली, म्हणजे अकराशेहून जास्त चेंडू, आणि शेवटच्या सकाळी ओव्हलवर सहा धावांनी सामना जिंकून दिला. लगेच पारावरची चर्चा सुरू झाली. एक थकत नाही, दुसरा नाजूक आहे, पूर्वीचे खेळाडू कुठे असं विश्रांती मागायचे?

पूर्वीचे खेळाडू विश्रांती मागत नव्हते, हे खरं. ती मागायची कुणाकडे, हा आमचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही जरा मागे गेलो.

पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पालवणकर बाळू नावाचा एक मुलगा पारशांच्या क्रिकेट क्लबात कामाला होता. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि सभासदांना सरावाला गोलंदाज हवा असला की चेंडू टाकायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या क्लबात गेला. तिथे जाळी बांधणं, रेषा आखणं ही कामं होतीच, वर साहेबांना तासन् तास गोलंदाजी. ग्रेग नावाचा तिथला नामवंत फलंदाज लवकर येऊन एकट्या बाळूकडून सराव करून घ्यायचा. बाळूने त्याला बाद केलं की आठ आणे मिळायचे, असं सांगतात. बाळूला बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. बॅट साहेबांची. चेंडू टाकणं हे अंगमेहनतीचं काम, ते नोकराचं.

बाळू चर्मकार समाजातला. पुण्याच्या हिंदूंनी साहेबांना हरवायला त्याला संघात घेतलं, पण चहाच्या वेळी त्याचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात यायचा. मैदानात त्याने हात लावलेला चेंडू सगळे झेलत होते, तेव्हा कुणाला विटाळ होत नव्हता. हे ऐकताना आमच्यातल्या एकीला शेतावरची आठवण झाली. राबायला बाई चालते, पाणी तिने लांबून प्यायचं.

1906 साली मुंबईत हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूचे आठ बळी होते. मग 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतातला संघ इंग्लंडला गेला. 23 सामने होते. बहुतेक हरले. पण बाळूने त्या एका उन्हाळ्यात 114 बळी घेतले, सरासरी 19 च्याही आत. तेव्हा त्याचं वय 35 होतं. रोज उठून चेंडू टाकायचा, पुढच्या गावाला आगगाडीने जायचं, परत चेंडू टाकायचा. बळी किती घेतले ते लिहून ठेवलेलं आहे, म्हणून आज आपल्याला कळतं. खांदा किती दुखला ते लिहायला वहीच नव्हती. एवढं करून बाळूला हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं. ओझं उचलायला एक माणूस आणि नाव लावायला दुसरा, ही तऱ्हा तेव्हाही जुनीच होती.

आता जरा अलीकडे येऊ. मुंबईचा रमाकांत देसाई. चणीने लहान, म्हणून सगळे त्याला ‘टायनी’ म्हणत. पण गोलंदाजी वेगवान. 1958-59 च्या रणजी हंगामात त्याने पन्नास बळी घेतले आणि फेब्रुवारी 1959 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळला. त्या डावात वेस्ट इंडीजने 644 धावा केल्या. या पोराकडून 49 षटकं टाकून घेतली. एकाच डावात! वेगवान गोलंदाज धावत येऊन पुढचा पाय आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायातून कमरेत जातो. 49 षटकं म्हणजे 294 वेळा.

त्या काळी भारताकडे दुसरा वेगवान गोलंदाज जवळपास नव्हताच, म्हणून सगळं त्याच्यावर. घरात एकच सून असली की कसं होतं, तसं. अठ्ठावीस कसोटींत 74 बळी घेऊन तिशीच्या आतच त्याची कसोटी कारकीर्द संपली. शेवटच्या दौऱ्यात, 1968 साली न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला, फलंदाजी करताना चेंडू लागून त्याचा जबडा मोडला. तो बाहेर गेला नाही. बिशनसिंग बेदीबरोबर शेवटच्या जोडीला 57 धावा जोडल्या आणि भारताने परदेशातली पहिली कसोटी जिंकली. हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि आहेच. पण आपल्या भाषेत याला आणखी एक शब्द आहे: दुखणं अंगावर काढणं. तो शब्द आपण बायकांनी फार वापरलाय. आणि त्याचं कौतुक ऐकलं की आम्हाला थोडी भीती वाटते.

उलट बाजूही सांगायला हवी. आपल्या शेजारच्या नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 निर्धाव षटकं टाकत राहिले. एकूण 32 षटकं, धावा फक्त पाच. ते फिरकीवाले, धाव छोटी, अंगावर बोजा कमी, शिवाय असल्या माऱ्याचा त्यांचा सराव दांडगा. आणि श्रीरामपूरचा झहीर खान 2006 मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशायरकडून काउंटी खेळला, 78 बळी घेतले, आणि तिथून परतला तो जास्त चांगला गोलंदाज होऊन. म्हणजे काम पुष्कळ असलं की माणूस मोडतोच असं नाही. ते कसं वाटून येतं, मध्ये श्वास घ्यायला जागा आहे का, यावर सगळं असतं.

त्याच झहीरचं 2011 मध्ये काय झालं बघा. 2 एप्रिलला विश्वचषक जिंकला. सहाव्या दिवशी, 8 एप्रिलला, आयपीएल सुरू. ती संपली मे अखेरीस. जुलैत इंग्लंड दौरा. लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी साडेतेरा षटकं टाकून, दोन बळी घेऊन, मांडीचा स्नायू धरून तो बाहेर गेला. भारत ती मालिका 4-0 हरला. आयपीएलला नावं ठेवायला सोपं आहे, पण खेळाडूला एकदम एवढा पैसा दुसरीकडे कुठे मिळाला असता? पैसा आणि दमणूक एकाच ताटात वाढलेली असते, त्यातलं एकच उचलता येत नाही.

हे झालं पुरुषांचं. बायकांच्या क्रिकेटचा इतिहास वाचताना आम्हाला वेगळंच दिसलं. भारतीय महिला क्रिकेट संघटना 1973 मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. 1976 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या कसोटी झाल्या. त्या काळच्या खेळाडूंनी पुढे मुलाखतींत सांगितलंय, की आरक्षण नसलेल्या डब्यातून वळकट्या घेऊन प्रवास करायचा, शाळा-वसतिगृहांच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायचं आणि सकाळी मैदानात उतरायचं. मुंबईहून कलकत्त्याला निघालेला संघ जळगाव-भुसावळवरूनच जाणार. आपल्या फलाटावर किटबॅगांवर बसलेल्या त्या मुली कुणाच्या नजरेस पडल्या असतील, तर त्यांना वाटलं असेल, लग्नाचं वऱ्हाड आहे.

1982 चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये झाला. पाच संघ, प्रत्येकाने एकमेकांशी तीनदा खेळायचं. म्हणजे आपल्या मुली महिन्याभरात बारा सामने खेळल्या, तेही साठ-साठ षटकांचे. पण त्यानंतर काय? 1986 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर थेट 1991 पर्यंत भारताच्या महिला संघाला आंतरराष्ट्रीय सामना नाही. 1988 च्या विश्वचषकाला संघ गेलाच नाही. पाच वर्षं! ज्या मुलीची ऐन उमेद त्या पाच वर्षांत होती, तिने काय केलं असेल? कधी अंगात मावणार नाही एवढं काम, कधी हात रिकामे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाईला मान वर करायला फुरसत नाही आणि मे महिन्यात कुणी कामाला बोलवत नाही, हे चक्र जळगाव-धुळ्याकडच्या मजुरी करणाऱ्या मैत्रिणींना समजावून सांगायला नको.

2005 मध्ये महिला संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला. मिताली राजने नंतर सांगितलं, की तेव्हा सामन्याला हजार रुपये मिळाले होते. बीसीसीआयच्या छत्राखाली बायका आल्या 2006 मध्ये, आणि पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर झालं ऑक्टोबर 2022 मध्ये: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला सहा लाख, टी-ट्वेंटीला तीन लाख. 2023 पासून महिलांची प्रीमियर लीग. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक. सांगलीच्या स्मृती मानधनाला तेव्हा घराघरांत बायकांनी नावाने हाक मारली. त्याच स्पर्धेत तिची सलामीची जोडीदार प्रतीका रावल क्षेत्ररक्षण करताना पाय मुरगळून बाहेर पडली आणि जिंकल्यावर चाकाच्या खुर्चीवरून मैदानात आली. जेमिमा रॉड्रिग्जने उपांत्य सामन्यात नाबाद 127 धावा करून सगळ्यांसमोर सांगितलं, की या स्पर्धेत मनाला घोर लागून ती रोज रडत होती. थकवा फक्त पाठीचा नसतो, हे भर मैदानात बोलायला एका बाईला हिंमत झाली. आमच्या मते त्या शतकाइतकीच ती गोष्ट मोठी होती.

आता आपल्याकडचं. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात, तिचं ठाणं पुण्याला. आपल्या पोरीला निवड चाचणीला जायचं तर साडेतीनशे-चारशे किलोमीटर. रात्रीची गाडी, सोबत आई किंवा भाऊ, सकाळी उतरून तोंड धुवायचं आणि गोलंदाजी करायची. निवडणाऱ्याला ती मंद दिसते. तिच्या आदल्या रात्रीचा हिशोब त्याच्या कागदावर नसतो. देशातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, 57 टक्के, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. वर जळगावचं ऊन, एप्रिल-मेमध्ये 45 अंशांच्या घरात. दम लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी एकदा तिचं हिमोग्लोबिन तपासा, ही आमची प्रशिक्षकांना विनंती आहे. पाळीच्या दिवसांत तिला काय होतं, हे विचारायला लाजू नका, हीसुद्धा.

आणि आयांना एक सुचवायचं आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा आखली होती: एका दमात पाच षटकं, दिवसभरात दहा. आपल्याकडे सकाळी शाळेचा संघ, दुपारी क्लब, संध्याकाळी गल्ली, आणि तिन्हीकडे तीच पोर चेंडू टाकते, कारण तीच चांगली टाकते. तिन्ही जागचे चेंडू एकत्र कुणी मोजत नाही. तेव्हा एक साधी वही करा. रोजचे चेंडू लिहा, झोपेचे तास लिहा, पाठ किंवा टाच दुखली तर तेही लिहा. आणि त्याच पानावर एक रकाना आखा, मैदानातून घरी आल्यावर तिने किती हंडे पाणी भरलं आणि किती भाकरी थापल्या त्याचा. तिचा भाऊही खेळत असेल, तर त्याच्या वहीतही तो रकाना ठेवा.